तिरक्या तारेचा अर्धा भाग

धाकटा भाऊ गेला त्याला बारा दिवस झाले होते. पाहुणे परतले होते. आई चुलीपुढे बसली होती आणि चुलीत जाळ नव्हता. माझ्याकडे न बघता तिने विचारले, “तार बंद केली व्हती म्हन्तेत. मंग बंद तारंत ईज आली कुठून?”

मी परभणीच्या शाळेत मास्तर. आईच्या लेखी मला सगळे ठाऊक असायला हवे होते. “चौकशी करतो,” एवढेच मी म्हणालो. उत्तर मिळायला तीन महिने लागले. मिळाल्यावर ते मी पुढे वर्षभर आईपासून लपवून ठेवले, आणि त्या वर्षात एक निरपराध माणूस आमच्या दारातून तहानलेला परत गेला. हे लिहायला बसलो आहे ते त्याच्यासाठी. तो वाचणार नाही हे माहीत असूनही.

आमचे घर पिंगळीला, स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर. गाड्या कोळशाच्या. रुळांच्या कडेने तारायंत्राच्या दोन-चार तारा जात, त्यांवर पाखरे बसत. गावात वीज नव्हती. परभणीत काही रस्त्यांवर दिवे आले होते, ते पाहून आलेली माणसे त्याबद्दल आठ-आठ दिवस बोलत. वडील लवकर गेले. भाऊ माझ्याहून बारा वर्षांनी लहान, म्हणून त्याचे शिक्षण माझ्याकडे आले.

मी त्याला उर्दू शिकवली. त्या काळी आमच्याकडे ज्याला कचेरीत किंवा शाळेत शिरायचे त्याने उर्दू शिकायची, यात विचार करण्यासारखे काही नव्हते. मी स्वतः उर्दूत शिकलो होतो आणि उर्दूत शिकवत होतो. भाऊ आधी शेजारच्या पंतोजींकडे मराठी मुळाक्षरे गिरवून आला होता, त्यामुळे पाटी हातात दिली की त्याचे बोट डाव्या कडेला जाई. मी ते उचलून उजव्या कडेला ठेवी. पुन्हा डावीकडे गेले की पट्टी मारी. फार जोरात नाही. पण रोज. “सुरुवात इकडून,” मी म्हणे. आकड्यांचे तक्ते, नकाशावरची गावे, चित्रातली माणसे, काहीही मोजायचे झाले तरी आम्ही उजवीकडून मोजत असू. वर्षभरात त्याची सवय मोडली. पुढे त्याचे बोट आपण होऊन उजवीकडे जाऊ लागले, तेव्हा मला अभिमान वाटला होता.

मग पोलीस कारवाई झाली, निजामाचे राज्य गेले आणि दोन-तीन वर्षांत शाळा मराठी झाल्या. मी चाळिशीकडे झुकलेला माणूस मुलांबरोबर नव्याने लिहायला शिकलो. लिहिणे जमले. पण वही हातात घेतली की ती मी मागच्या बाजूने उघडी. पुण्याकडून आलेले आमचे हेडमास्तर एकदा भर वर्गात म्हणाले, “गुरुजी, तुमची हजेरी शेवटच्या मुलापासून सुरू होते वाटतं? म्हणजे पहिला नंबर नेहमी ढ मुलाचा!” पोरे हसली. मीही हसलो. माझ्या वयाच्या सगळ्याच मास्तरांचे असे होत होते, आणि ते हसण्यावारी जात होते.

भावाची उर्दू कामाला आली नाही. ज्या कचेऱ्यांसाठी तो शिकला त्यांचा कारभारच बदलला. तो मनमाडला गेला आणि रेल्वेत खलाशी म्हणून लागला, म्हणजे पडेल ते काम करणारा मजूर. तिथून त्याला पुढे घाटाच्या बाजूला पाठवले. तिकडे गाड्या विजेवर चालत. त्याचे काम रुळांवरच्या तारांचे होते. ताण बघायचा, झिजलेली तार बदलायची, वीज खांबात उतरू न देणारे चिनी मातीचे तुकडे पुसायचे. पत्रे तो मला उर्दूत लिही आणि प्रत्येक पत्रात तारांची चित्रे काढी. त्याचा हात चांगला होता.

एका दिवाळीला तो रजेवर आला तेव्हा आईने विचारले, “ईज तारंत आन् गाडी खाली. मंग गाडीला ती सापडती कशी?”

भाऊ उठला. बाजेची जुनी सुतळी घेतली आणि लिंबाच्या झाडापासून ओट्याच्या खांबांपर्यंत दोन सुतळ्या शेजारी-शेजारी ताणून बांधल्या. स्वयंपाकघरातून रुंद उलथणे आणले. ते आडवे धरून एका सुतळीला खालून टेकवले आणि तसाच चालू लागला. “हे इंजनाच्या टपावरचं. तारंला घासत घासत जातंय. कुठं सुटू द्याचं न्हाई.”

“आन् एका रुळावरनं दुसऱ्यावर जायचं आसलं तर?” मी विचारले.

“तितंच तर खरी गंमत हाय, दादा. तुमी बसा.”

त्याने तिसरी सुतळी तिरकी बांधली, पहिल्या सुतळीपासून दुसरीपर्यंत. खालचे रूळ जसे सांध्यापाशी तिरके जातात, तशीच वर तारही तिरकी जाते. पुन्हा उलथणे धरून तो निघाला. तिरकी सुतळी जवळ आली तशी उलथण्याच्या रुंदीत दोन्ही मावल्या. चार पावले दोन्ही घासत होत्या. मग पहिली बाजूला निसटली आणि उलथणे तिरकीवर राहिले. पुढे तसेच दुसरीवर गेले. कुठे झटका नाही. तिरकी तार जिथे येऊन मिळते तिथे ती मुख्य तारेहून बोटभर उंच ठेवावी लागते, तो म्हणाला, नाहीतर इंजिनाचे ते आडवे शिंग तिच्या वर चढते आणि शंभर हात तार ओढून नेते. “हे बोटभर राखायचंच तर काम हाय आमचं.”

“पगार घिऊन हेच करतूस व्हय तिकडं?” आई म्हणाली. “दोऱ्या बांधल्याच हायेत तर लुगडं वाळू घालू का?”

“घाल की. पर तिरकीच्या निम्म्यावरच घाल. निम्म्याच्या पुढं ईज हाय.”

मग त्याने तिरक्या सुतळीच्या मधोमध सुताचे रिकामे लाकडी रीळ बांधले. इथे वीज अडते, त्याने सांगितले. तिरकी तार दिसायला एक, पण या तुकड्याच्या अलीकडे ती पहिल्या लाईनची आणि पलीकडे दुसऱ्या लाईनची. म्हणजे एका लाईनीवर काम काढले तर तेवढीच बंद करता येते, दुसरीवर गाड्या चालू राहतात.

“आर्धी ह्या घरची, आर्धी त्या घरची,” आई म्हणाली. “सुनंवानी.”

भाऊ इतका हसला की उलथणे हातातून पडले. त्या दोऱ्या आठ दिवस अंगणात होत्या. आईने खरेच तिरकीवर लुगडे वाळत घातले, आणि निम्म्यावरच घातले.

तो गेला ती माघातली सकाळ होती. निरोप आमच्यापर्यंत पोचला तोवर तिकडे अग्नी देऊन झाला होता. चौदाव्या दिवशी, रजा मिळाल्यावर, त्याचा जोडीदार त्याची ट्रंक आणि अस्थींचे गाडगे घेऊन आला. नाशकाकडचा, भावाच्याच वयाचा, उंच, खांद्यात वाकलेला. दोघे चार वर्षे एका खोलीत राहिले होते. आम्ही दोघांनी परभणीला गाडी बदलून गंगाखेडला जाऊन अस्थी गोदावरीत सोडल्या. पाण्यात तो माझ्याहून जास्त वेळ उभा राहिला.

परत आल्यावर आईने त्याला समोर बसवले.

“तार बंद कोन करतंय?”

“खांबावर स्विच असतो, मावशी. तो उघडून कुलूप लावायचं. त्या दिवशी मीच लावलं.”

“किल्ली कोनापाशी?”

“माझ्या खिशात होती.”

“दुसरी किल्ली?”

“नसते.”

“मंग तूच कुलूप काडलंस,” ती म्हणाली.

त्याने नकारार्थी मान हलवली. मी मध्ये पडलो नाही. मलाही तेव्हा दुसरा अर्थ सुचत नव्हता. तार बंद होती, किल्ली एकाच्या खिशात होती, तारेत वीज होती. दुसऱ्या दिवशी तो निघून गेला. गावात आईने सगळ्यांना सांगितले की खोलीतल्याच माणसाने घात केला. पुढे रेल्वेचे पत्र आले की कामगार परवानगी नसलेल्या भागात काम करत होता. आईने त्याचाही अर्थ तोच लावला. आपल्या माणसाला वाचवतेत, ती म्हणाली.

वैशाखात शाळेला सुटी लागल्यावर मी त्या यार्डात गेलो. भावाचा जोडीदार मला प्लॅटफॉर्मच्या टोकाला घेऊन गेला. तिथून चार लाईनी शेजारी-शेजारी दिसत होत्या आणि वर तारांचे जाळे. भाऊ या यार्डात नवा होता. दोघांची खोली तीच होती, पण शेजारच्या यार्डातून त्याची इकडे बदली होऊन आठच दिवस झाले होते.

“गुरुजी, मुंबईकडं तोंड करा,” तो म्हणाला. “डाव्या हाताची पहिली एक नंबर. मग दोन, तीन, चार. त्या दिवशी दोन नंबर बंद होती. दोन आणि तीनच्या मध्ये ती तिरकी तार दिसते का? तिच्या दोनकडच्या अर्ध्या भागाचं काम होतं. मी लांब स्विचपाशी होतो. कुलूप लावून हिरवी झेंडी दाखवली. चाकांची शिडी त्या तिरक्या रुळांवर उभी होती. त्यानं ती आठ-दहा पावलं पुढं ढकलायला लावली. तीनकडच्या अर्ध्याखाली. आणि चढला.”

“तिथे वीज होती?”

“असणारच. तीन चालू होती. आमच्यात असं आहे की जिथं काम, तिथं आधी तारेवरून रुळाला जोडलेला दांडा अडकवायचा. म्हणजे चुकून वीज असली तरी जमिनीत जाईल. एक दांडा दोन नंबरवर लागला होता. दुसरा आणायला माणूस गेला होता. तुमचा भाऊ थांबला नाही. पण गुरुजी, दोनच्या बाजूला चढला असता तर दांड्याशिवायही जगला असता.” त्याने तिरक्या तारेकडे बोट केले. “मी आदल्याच दिवशी त्याला म्हणालो होतो, लाईनी नीट मोजून घे. तो म्हणाला, मोजल्या, चार हायत. मग का गेला तिकडं? रोज विचार करतो. तुम्ही शिकलेले आहात, तुम्हीच सांगा.”

मी तारांकडे बघत उभा होतो. एक गाडी आली, एका लाईनीवरून दुसऱ्या लाईनीवर गेली, आणि खरेच कुठे झटका बसला नाही.

घरी आलो आणि ट्रंकेतली व माझ्याजवळची सगळी पत्रे काढून बसलो. शेवटचे पत्र त्याने त्या नव्या यार्डातून लिहिले होते. ते आले तेव्हाच मी वाचले होते, चित्र पाहून खूशही झालो होतो. चार लाईनी, मधल्या दोन्हींना जोडणारी तिरकी तार, तिच्या मध्यावर छोटा चौकोन. खाली लिहिले होते, दादा, मुंबईकडे तोंड करून उभा आहे असे समजा. आणि लाईनींवर आकडे घातले होते. एक उजवीकडे. मग दोन, तीन, चार.

त्याने मोजल्या होत्या. चार होत्या. उजवीकडून मोजल्या होत्या. उजवीकडून दुसरी म्हणजे यार्डातली तीन नंबर. चार लाईनींत मधल्या दोन कुठूनही मोजा, दोन आणि तीनच राहतात, त्यामुळे तिरकी तार त्याला बरोबर सापडली. फक्त तिचे अर्धे बदलले. दोनचे तीन झाले आणि तीनचे दोन.

ते चित्र पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला त्यात काही वावगे दिसले नव्हते. कसे दिसणार? माझीही नजर उजवीकडूनच सुरू झाली होती.

मी ते पत्र घडी करून परत ठेवले. आईने विचारले, “काय सांगितलं तितं?” मी म्हणालो, “नीट कळत नाही.” ती म्हणाली, “कळून काय करायचं? मला ठावं हाय.” त्या क्षणी बोललो असतो तर सगळे निराळे झाले असते, असे मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिले आहे. पण मला पाटी दिसत होती. लहानसे बोट डाव्या कडेला, आणि माझ्या हातातली पट्टी. आईसमोर ती पाटी ठेवण्याची माझी हिंमत नव्हती. दुसऱ्याचे नाव तिच्या तोंडी होते आणि माझे नव्हते, यात मला आसरा मिळत होता. हे लिहायला मला फार वेळ लागला आहे.

माघात वर्षश्राद्ध होते. सकाळच्या गाडीने तो जोडीदार आला. बोलावले कोणीच नव्हते. स्टेशनवरून चालत आला, ओट्यापाशी चपला काढल्या आणि खाली बसला. आमच्या गावात दारी आलेल्याला, तो भांडायला आलेला असला तरी, आधी पाणी देतात. मग भांडतात. मी सवयीने तांब्या भरून आणला.

आई आतून म्हणाली, “कोन हाय?”

मी सांगितले.

ती दारात आली. “घात करून तोंड वर करून आलास? किल्ली हाय का खिशात आजबी?” मग माझ्याकडे वळली. “त्याला पानी देऊ नकू. माझ्या घरचं पानी न्हाई प्यायचं त्यानं.”

त्याने आईकडे पाहिले नाही. माझ्याकडे पाहिले. त्याच्या नजरेत राग नव्हता, फक्त मी काहीतरी बोलेन अशी अपेक्षा होती. मी शिकलेला होतो. यार्ड पाहून आलो होतो. कुलूप लागलेले होते हे तरी मला सांगता आले असते, एवढे सांगायला पाटीचा उल्लेखही करावा लागला नसता. तांब्या माझ्या हातात होता. मी तो उचलून आत नेला आणि जागेवर ठेवला.

बाहेर आलो तेव्हा तो चपला घालत होता. “येतो, गुरुजी,” एवढेच म्हणाला. परतीची गाडी दुपारी होती, आणि तोवर तो स्टेशनच्या बाकावर बसून होता. आमच्या दारातून बाक दिसतो. मी दारात आलो, आत गेलो, पुन्हा आलो. गाडी आली, आणि ती हलल्यावर बाक रिकामा होता.

त्यानंतर मला वर्गात शिकवता येईना. फळ्याच्या डाव्या कडेला खडू टेकवला की हात थांबे. पुढच्या वैशाखात, सुटीच्या पहिल्या दिवशी, मी सुतळी काढली. लिंबापासून खांबांपर्यंत दोन दोऱ्या बांधल्या, मग तिरकी, मग मधोमध रीळ. आई ओट्यावर बसून बघत होती. मी तिला पहिल्यापासून सगळे सांगितले. चार लाईनी, कुलूप, शिडी, उजवीकडून मोजलेले आकडे. पत्र उघडून दाखवले. आणि शेवटी पाटीचे सांगितले.

तिने उठून रिळाला बोट लावले.

“म्हंजी त्यानं कुलूप काडलंच न्हवतं.”

“नाही.”

“तुला कवाधरनं ठावं हाय?”

“वैशाखापासून.”

“ह्या?”

“गेल्या.”

तिने मनाशी महिने मोजले. माघापाशी आल्यावर तिचा चेहरा बदलला ते मला दिसले. “त्या लेकराला म्या पानी न्हाई दिलं,” ती म्हणाली. “आन् तू तांब्या घिऊन हुबा व्हतास.”

पाटीबद्दल ती काहीच बोलली नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. बोलली असती, शिव्या दिल्या असत्या, तर मला कुठेतरी उभे राहता आले असते.

“त्याला लिव,” ती म्हणाली. “म्हनावं, मावशीनं बलिवलंय. जेवायला ये.”

मी लिहिले. सगळे लिहिले. दोन महिन्यांनी पत्र जसेच्या तसे परत आले. मग मी स्वतः यार्डात गेलो. नोकरी सोडून गेला, तिथल्या माणसांनी सांगितले. कधी? माघानंतर लगेच. गाव कोणते? नाशकाकडचे कुठलेसे. कोणाला नक्की माहीत नव्हते. एक जण म्हणाला, “तो शेवटी शेवटी स्विच बंद करून चार-चारदा कुलूप ओढून बघायचा. साहेब ओरडायचे, गाड्या खोळंबतात म्हणून.”

हे मी आईला सांगितले नाही. गाव सापडले नाही, एवढेच सांगितले.

पुढे दर वर्षी श्राद्धाच्या दिवशी, सकाळच्या गाडीची शिटी झाली की आई तांब्या भरून ओट्यावर ठेवी. झाकण घालून. दुपारची गाडी जाईपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही. गाडी गेली की ती मला हाक मारी, आणि ते पाणी मी लिंबाच्या बुडाशी ओतत असे. त्या दिवशी ती माझ्याशी एवढेच बोले, “आन तांब्या.”

आई गेली त्या वर्षी श्राद्धाच्या सकाळी मी तांब्या भरला. शिटी झाली. ओट्यापर्यंत गेलो आणि माझ्या लक्षात आले की याच जागी, याच तांब्यासह, मी आधीही उभा होतो. तेव्हा न दिलेले पाणी आता ठेवण्याचा हक्क मला नव्हता. मी तो आत नेला आणि जागेवर ठेवला.